उलटा फिरणारा नॉब

मंगळवार, १ ऑक्टोबर
दुरुस्तीच्या नोंदवहीची मागची चाळीस पानं कोरी राहिली आहेत, ती वापरायची ठरवली. माझी बायको एसी होती तोवर दिवसभराची चिडचिड मी जेवताना तिच्यावर ओतायचो. ती माशाचे काटे काढत "हं, हं" करायची. तिला जाऊन सहा वर्षं झाली. आता मी रेडिओशी बोलतो म्हणून शेजारी केंके, म्हणजे मक्याचे आंबवलेले गोळे, विकणारी आंटी बैदू खिदळते. त्यापेक्षा वही बरी. अक्षर माझं कोंबडीनं उकरल्यासारखं, शाळेतही तसंच होतं, तेव्हा कोणी वाचेल याची धास्ती नाही.

आज अराबा चादरीत गुंडाळलेलं धूड घेऊन दुकानात शिरली. मला वाटलं चर्चचा स्पीकर गेला. चादर सोडली तर बेस गिटार, आणि तोही डाव्या हाताचा! बंदराच्या रस्त्यावर जुनं सामान विकतात, तिथे शिलाई मशिनांच्या ढिगाखाली सापडला म्हणाली. विकणाऱ्याला वाटलं, कारखान्यात चुकून उलटा बनलाय.

"त्याचं बरोबरच होतं," मी म्हणालो.

"पापा!" एवढंच म्हणाली. पण तोंडावरचं हसू काही जाईना.

माझी पोर डावखुरी आहे. चर्चमध्ये सात वर्षं उजव्या हाताचा बेस उलटा धरून वाजवते, तारा वरच्या खाली, खालच्या वर. नॉब मग कोपराखाली येतात, वाजवता वाजवता धक्का लागून आवाज पडतो. चर्चमध्ये देव सांभाळून घेतो. ओटू घेणार नाही.

ओटू म्हणजे सेकोंडीच्या बँडचा लीडर. त्याच्या बेसवाल्याचे गुडघे गेलेत. ऑक्टोबरअखेरपासून सहा आठवडे बँड आबिजान, लोमे, कोटोनू फिरणार, आणि ती जागा नंतरही कायमची. अराबाला त्यानं सांगितलंय, एकोणीस तारखेला सेकोंडीत मोठा अंत्यविधी आहे, तिथे वाजव, जमलं तर जागा तुझी. पण ते उलटं धरलेलं ध्यान माझ्या स्टेजवर नको, नीट वाद्य आण.

म्हणून हा बेस. आणि म्हणून मी. टाकोराडीत माझ्याशिवाय याला हात कोण लावणार?

गुरुवार, ३ ऑक्टोबर
मागची झाकणी उघडली. समुद्राच्या हवेनं आत सगळा हिरवा गंज. तारा बोट लावताच मोडल्या. लाकूड मात्र टणक, दांडी सरळ. नॉबखाली आवाज कमीजास्त करणारे दोन्ही कंट्रोल जवळजवळ कामातून गेलेले. एकावर पुसटसं 'सी' अक्षर. अशी जात मी आजवर हाताळली नव्हती. अंगठ्यानं फिरवून, मीटर लावून पाहिलं तेव्हा कळलं, हा डावीकडे फिरवला की चढतो, आणि चढतोही नीट, हळूहळू. म्हणजे जगात कुठे तरी डावखुऱ्यांसाठी वेगळे कंट्रोल बनवतात! लाड करायचे म्हणजे किती. भंगाराच्या डब्यात टाकून दिले.

आंटी बैदू केंके द्यायला आली आणि दारातच थबकली. "मास्टर, ते तापलेलं तुमच्या डाव्या हातात कसं?"

सोल्डरगन होती. दिवा उजवीकडे आहे म्हणून डाव्या हातात. चाळीस वर्षं दिवा तिथेच आहे. लोकांना नको तिथे डोळे फुटतात.

मीही लहानपणी डावराच होतो, हे काही लपवलेलं नाही. आजीनं हाताला मिरची चोळली, कापडात बांधून ठेवला, आणि मास्तरांच्या रुळानं उरलंसुरलं काम केलं. तीन आठवड्यांत बरा झालो. वर्षभर जरा अडखळत बोलायचो, तेही गेलं. कुठे काय बिघडलं माझं? अराबाच्या वेळी मी रूळ उचलला तर एसी मध्ये आली. म्हणाली, आधी माझा हात मोड. त्या दिवशी मी गप्प बसलो, आणि पोर डावरी राहिली ती राहिलीच. आजही दुकानात सुटे पैसे देताना तिला गिऱ्हाइकापुढे "डाव्याची माफी असावी" म्हणावं लागतं. दिवसातून वीस वेळा माफी मागायची, यात काय सुख आहे ते एसीलाच ठाऊक.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर
ओटू स्वतः आला. सत्तरीला टेकलाय, पण शर्टाची इस्त्री अजून मोडत नाही. बेस उचलून पाहिला, खाली ठेवला.

"एको, तुझ्या पोरीचा हात काय पडतो रे! ठेक्यावर म्हणजे ठेक्यावर. कुठून आलं हे तिच्यात?"

"घरातूनच आलं असेल, लीडर," मी म्हणालो.

तो हसला. "तुझ्या घरातून? तू तर केसभर उशिरा यायचास."

केसभर उशिरा. एकतीस वर्षं झाली, आणि या म्हाताऱ्याला दुसरं वाक्य सुचत नाही. नऊ वर्षं मी त्याच्या बँडमध्ये बेस वाजवला. रोज पहाटे उठून बोटं घासली, नखं फुटली. तरी दर कार्यक्रमानंतर तेच: एको, केसभर उशीर. शेवटी एका ईस्टरला दुसऱ्याला उभं केलं आणि मला म्हणाला, तुझा हात वाजवण्यापेक्षा दुरुस्तीत चांगला चालतो. कोणता हात, ते नाही म्हणाला.

चहा न घेता गेला. बरं झालं.

मंगळवार, ८ ऑक्टोबर
आज नॉबवरून जुंपली.

मी नवे कंट्रोल जसे लावतात तसे लावणार होतो: उजवीकडे फिरवला की आवाज वाढतो. रेडिओ तसाच, पंखा तसाच, सगळं जग तसंच. अराबा म्हणाली, "नाही पापा, उलटा हवा."

"का? तुझ्यासाठी सूर्यही पश्चिमेला उगवायचा का?"

तिनं न चिडता बेस गळ्यात अडकवला आणि दाखवलं. "उजवा वाजवणारा वाजवता वाजवता करंगळीनं नॉब दांडीच्या बाजूला लोटतो, की आवाज चढतो. तुम्हीही तसंच करत होतात ना? माझा बेस आरशातला आहे. मी करंगळीनं दांडीकडे लोटलं की तुमच्या नॉबनं आवाज उतरणार. बघून फिरवायला वेळ नसतो. ओटू लीडरचा तो शोकाचा भाग आहे ना, विधवा बोलते तेव्हाचा..."

माहीत आहे. मला शिकवते! अंत्यविधीत विधवा निरोपाचं बोलायला उठली की ओटू सगळी वाद्यं थांबवतो, फक्त बेस ठेवतो. बेस इतका हळू करायचा की छातीत कळावा, कानात नाही. मृताला एकटं सोडायचं नाही, असं तो म्हणतो. तिचं बोलणं संपलं की बेस हळूहळू चढवायचा आणि त्यावर गाणं उचलायचं. सगळा खेळ करंगळीचा. ओटू माणसं निवडतो ती याच जागेवर, आणि तिथेच काढतो.

पोरीचं म्हणणं खरं होतं. खरं होतं म्हणून जास्त डोकं फिरलं. "बरं बाई, उलटा करून देतो," म्हणालो. कंट्रोलला तीन पाय असतात. मधला तसाच ठेवायचा, कडेच्या दोघांच्या तारा अदलाबदल करायच्या. माझ्या डाव्या हाताचा मळ.

गुरुवार, १० ऑक्टोबर
तारा चढवल्या. तपासण्यापुरत्या तात्पुरत्या जोडण्या केल्या, नॉबशिवाय. पट्टा जुन्या सोफ्याच्या चामड्याचा कापला, त्याला कंबरपट्ट्यासारखी आठ भोकं पाडली. अराबाला तिसरं भोक.

दुपारी आंटी बैदू पेंगत होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दांडी सरळ आहे का ते वाजवल्याशिवाय कळत नाही. पट्टा माझ्या पोटावर सातव्या भोकाशिवाय येईना. सातव्यावर घेतला आणि बेस डाव्या हाताचा असल्यामुळे अर्थातच तसाच धरला.

ओटूची ती जुनी चाल वाजवली, जिच्यावर मी नऊ वर्षं मार खाल्ला.

लाकूड चांगलं आहे, त्यामुळे ठेका बसला. पहिल्याच फेरीत बसला. दुसऱ्या फेरीत मी मुद्दाम भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो, तरी बसला. हात आपला जात होता, मी फक्त उभा होतो. मग छातीत धडधडायला लागलं म्हणून काढून ठेवला. सकाळपासून नुसती कॉफी, दुसरं काही खाल्लं नव्हतं, त्याचंच असणार.

मंगळवार, १५ ऑक्टोबर
बेसला हात लावलेला नाही. कॅथलिक चर्चचा अँप्लिफायर आला, मग हॉटेलचे दोन स्पीकर. अराबा रोज विचारते. "उद्या," म्हणतो. आज म्हणाली, "पापा, मला त्याची सवय करायला दोन दिवस तरी हवेत हो."

"मी नऊ वर्षं उसन्या बेसवर वाजवलंय. कोणी मला सवय करायला दिले नव्हते दोन दिवस."

ती भिंतीवर टांगलेल्या बेसकडे बघत राहिली. माझंही लक्ष दिवसभर तिकडेच जातं. एकदा वाटलं चादर टाकावी त्याच्यावर.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर
अखेर नॉब जोडले. संध्याकाळ झाली. तपासलं. पूर्ण उघडल्यावर आवाज खणखणीत, घरघर नाही. पूर्ण बंद केल्यावर बंद. दिशा तिला हवी तशीच, दांडीकडे लोटलं की चढतो.

इथे एक लिहून ठेवतो. मध्ये आवाज उडी मारतो.

कंट्रोलच्या दोन जाती असतात. एक सरळ: अर्धा फिरवा, अर्धा येतो. दुसरा कानाचा: आधी हळूहळू, मग भरभर, कारण माणसाच्या कानाला तसं चढलेलं गोड वाटतं. गिटारला कानाचा लावायची रीत आहे, मीही तोच लावला. पण कानाच्या कंट्रोलचे पाय उलटे केले की तो डोक्यावर चालतो. शून्यापासून जरासा हलवला की जवळजवळ सगळा आवाज भसकन बाहेर, मग पुढची सगळी वाट नुसतं फिरवत राहा. उतरवतानाही तेच. उतरतच नाही, उतरतच नाही, आणि शेवटी एकदम गुडुप.

हे मला जोडतानाच आठवायला हवं होतं का? असेल. चाळीस वर्षांत किती गोष्टी आठवायच्या! आता सोडून पुन्हा जोडायचं म्हणजे उद्या सकाळ जाणार. वाजवणारा चांगला असेल तर सांभाळून घेतो. एवढा ठेक्यावर हात आहे ना, करंगळीही असेल. सकाळी तिला सांगेन.

शनिवार, १९ ऑक्टोबर
सकाळी आठला ती काळे कपडे घालून हजर. बेस गळ्यात घातला तर गुडघ्यापर्यंत लोंबला.

"पट्टा एवढा लांब कुणी केला?"

"तपासताना झाला असेल."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पट्ट्याकडे, मग तिसऱ्या भोकावर घेतला. एक सूर वाजवला. इतकी खूश झाली की मला मिठी मारली. "तपासलंत ना, पापा?"

"तपासलं," म्हणालो. टॅक्सीवाला भोंगा वाजवत होता. आंटी बैदूनं तेवढ्यात तिच्या हातात केंकेची पुडी कोंबली. सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे राहिलं, आता काय करू?

मांडव मोठा होता. लाल-काळ्या कपड्यांतली चारशे माणसं असतील. ओटूनं रीतीप्रमाणे तिला आधी वडीलधाऱ्यांपुढे नेलं. ती वाकून म्हणाली, "डाव्याची माफी असावी." मृताचा थोरला भाऊ बसला होता, त्यानं तोंड वाकडं केलं, पण मान हलवली. मी मागच्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर.

मग ती वाजवायला लागली. खोटं कशाला लिहू, माझ्या अंगावर काटा आला. पहिली पाच गाणी ओटू तिच्याकडे वळूनही बघत नव्हता. त्यानं वळून न बघणं म्हणजे काय, ते मलाच माहीत. माझ्याकडे तो नऊ वर्षं दर मिनिटाला वळून बघायचा.

विधवा उठली. वाद्यं थांबली, बेस राहिला. अराबानं डोळे मिटलेले, करंगळी नॉबवर. उतरवायला लागली. आवाज उतरेना. मला तिथून तिच्या कपाळावरची आठी दिसली. तिनं आणखी फिरवला, आणि बेस एकदम मेला.

विधवा "माझ्या नवऱ्या, मी तुला..." म्हणून थांबली. तिनं मागे वळून पाहिलं, जणू कोणी हात सोडला.

आणि मग अराबानं तो परत आणायला जरासा, अगदी जरासा लोटला.

काय भडका उडाला! शवपेटीवरचं फुलांचं चक्र हललं. पुढची एक म्हातारी किंचाळली, लेकरं रडायला लागली, विधवा मटकन खाली बसली. मृताचा भाऊ उठून ओरडला, "मढ्यापुढे डावा हात आणला कुणी? मी तेव्हाच म्हणालो होतो!" दोन बायका अराबाच्या अंगावर धावल्या. ती नॉब धरून उभी होती, तो बंद करायचा की उघडायचा तेच तिला कळेना. ओटूनं स्वतः जाऊन वायर उपटली.

मग तो वळला. तिच्याकडे नाही, मागच्या रांगेत माझ्याकडे.

बाहेर गाठलंच मला. "जोडणी कुणी केली?"

"मी."

"मला वाटलंच," म्हणाला. "एको, तुला तिचं वाजवणं ऐकू तरी येतं का रे?"

येतं ना. म्हणूनच तर.

वाक्य पुरं करणार होतो, पण दमलोय.

रविवार, २० ऑक्टोबर
चर्चला ती गेली नाही. मी परत आलो तर ती माझ्या टेबलाशी बसलेली, बेसची झाकणी उघडून. सोल्डरचं काम माझ्याकडूनच शिकलीय.

"कानाचा लावलात," म्हणाली. "आणि पाय उलटे केलेत."

"इथे दुसरे मिळतात कुठे? डावखुऱ्यांचे कंट्रोल काय मार्केट सर्कलला टोपलीत विकतात?"

ती उठली. वरच्या फळीवरचा कोकोचा डबा काढला, माझ्यापुढे उपडा केला. चर्चच्या जुन्या मिक्सरमधून काढलेले सरळ जातीचे कंट्रोल, तीस-चाळीस तरी असतील. सरळ जातीला डावं-उजवं नसतं. पाय कसेही जोडा, तो सारखाच चढतो. डब्यावर माझ्याच अक्षरात लिहिलंय: सरळ.

"पापा, परवा हळू फिरवून पाहिला होतात?"

"पाहिला होता."

"मग?"

मी म्हणालो की परवा घाई होती, की गिटारला कानाचाच लावायची रीत आहे, की ओटूला आमच्या घराचा मुळात राग आहे, की तिनं आधी स्वतः तपासायला हवं होतं. बरंच बोललो. ती ऐकत होती. मग डब्यातले दोन कंट्रोल उचलून ती जोडायला बसली. दिवा उजवीकडे होता. गन डाव्या हातात. मागून पाहिलं तर बसण्याची ढब हुबेहूब माझी.

अर्ध्या तासात झालं. तिनं मला फिरवून दाखवला नाही.

बुधवार, २३ ऑक्टोबर
सेकोंडीला ओटूकडे गेलो. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या दारात उभा राहिलो. म्हणालो, "लीडर, चूक माझी होती. आता बेस नीट आहे. पोरीला पुन्हा एकदा ऐका."

"मी ऐकलंय तिला. तिच्यासारखं वाजवणारं मी गेल्या वीस वर्षांत ऐकलेलं नाही," म्हणाला. "पण सेकोंडीत आता मला कोण बोलावेल तिच्यासकट? तिला पुन्हा उभं करायचं नाही, अशी त्या घराण्यानं शपथ घातलीय. केप कोस्टचा एक जण घेतलाय. बरा आहे." मग जरा थांबून, "तुझ्याइतपत आहे."

म्हणजे जागा गेली. माझ्याइतपत माणसाला गेली.

घरी येऊन अराबाला सांगितलं की मी गेलो होतो, पाया पडायचंच बाकी होतं. वाटलं, निदान एक शब्द बोलेल. तिनं विचारलं, "त्यांना सांगितलंत, की उडी मारतो हे तुम्हाला शुक्रवारीच माहीत होतं?"

वही टेबलावर उघडीच होती म्हणे. माझं अक्षर तिला लहानपणापासून वाचता येतं, हे मी विसरलो होतो. एसी गेल्यावर गिऱ्हाइकांच्या पावत्या तीच तर लावायची.

कुठपर्यंत वाचलं, विचारायचा धीर झाला नाही.

शनिवार, २६ ऑक्टोबर
गेली. अक्राला, एसीच्या बहिणीकडे. तिथल्या चर्चमध्ये वाजवेन म्हणाली. पाठीवर तो जुना उजव्या हाताचा बेस, उलटा धरायचा तो, कोपराखाली नॉबवाला.

"अगं, हा नवा कोण नेणार?" मी विचारलं.

"राहू दे. तुमच्या मापाचा आहे."

"माझ्या कसला मापाचा? मी काय डावखुरा आहे?"

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. रागानं बघितलं असतं तर मी दोन शब्द सुनावले असते. आजीनं माझा हात बांधला होता तेव्हा आई अशीच बघायची. मग अराबानं दुकानाची तिची किल्ली काढून पुढे केली. डाव्या हातानं. माफी मागितली नाही. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

शेजारून आंटी बैदूनं पाहिलं आणि "एइ!" म्हणून तोंडावर हात घेतला. बापाला डावा हात!

मी किल्ली घेतली. डाव्यानंच घेतली, कारण उजव्यात गन होती. नाही, गन टेबलावर होती. उजव्यात काहीच नव्हतं.

सोमवार, २८ ऑक्टोबर
ओटूची गाडी सकाळी आबिजानला सुटली. मार्केट सर्कलला वळसा घालून गेली म्हणे, छतावर ढोल, खिडकीत केप कोस्टचा तो. आंटी बैदूनं मला बघायला बोलावलं. मी गेलो नाही.

अराबाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला.

दुपारी बेस खाली काढला, धूळ पुसायला. पट्टा सातव्या भोकावर होता. सेकोंडीला निघताना तिनं तिसऱ्यावर घेतला होता, हे मला पक्कं आठवतं. जायच्या आधी तिनं परत सातव्यावर लावून ठेवला.

नॉब फिरवून पाहिला. शून्यापासून वर, धक्का नाही, उडी नाही, जितका लोटावा तितकाच. इतकं स्वच्छ काम मी तिच्या वयात केलं नव्हतं. आताही केलं नाही.

मग दुकानाचं शटर खाली ओढलं, कोणी बघू नये म्हणून, आणि पट्टा गळ्यात घातला. ती चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. विधवेची जागा आली तेव्हा करंगळीनं आवाज उतरवला, छातीत कळेल इतका ठेवला, आणि हळूहळू परत चढवला. पाच वेळा वाजवली. पाचही वेळा केसभरही उशीर झाला नाही.